हुकमाचा उघडा कान

जावई सुट्टीवर आले की त्यांना घेऊन इतवारा मोहल्ल्यात मावा-जिलबी आणायला जायचं, ही आमच्या घरची पद्धत. आम्ही राहतो शनवाऱ्याजवळ, त्यामुळे चालत फार लांब नाही. मधल्या गल्लीत पॉवरलूमची खटखट आणि रिक्षांचे हॉर्न असतात, म्हणून सासऱ्या-जावयाला बोलावं लागत नाही, आणि दोघांचंही बरं चालतं. मागच्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी माझ्या लक्षात आलं की जावई सारखे माझ्या डाव्या हाताला येतायत. मी समोरच्या गाईला चुकवायला बाजू बदलली की ते जरा पुढं गेल्यावर मागून वळसा घालून परत डावीकडे. आधी वाटलं, मोठ्या माणसाला आतल्या बाजूला ठेवायची शिस्त असेल. मग आठवलं. असा चालणारा एक माणूस मी याआधी पाहिला होता, आणि तो तसा चालायला लागला त्याला कारण मी होतो.

हे मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मी तोफखान्यात होतो, हवालदार म्हणून रिटायर झालो. जावई त्याच रेजिमेंटमध्ये नायक आहेत. सोयरीक जमली तीच मुळी त्या ओळखीतून. घरी आल्यावर मुलीला मी स्वयंपाकघरात सहज विचारल्यासारखं विचारलं. ती पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, पप्पा, तुम्हाला पण दिसलं का. मग तिनं सगळं सांगितलं. टीव्ही मोठा लावतात. मोबाईलचा बारीक टुंग त्यांना कळत नाही. उजव्या कुशीवर झोपले की बाळ रडलेलं ऐकू येत नाही, डाव्या कुशीवर असले तर येतं. कानात सदा काहीतरी वाजतंय म्हणतात, डासासारखं. डॉक्टरला दाखवा म्हटलं की चिडतात, कारण पुढं मेडिकल आहे आणि मेडिकलनंतर हवालदारीचा कोर्स.

दुपारी जावई स्वतःच गच्चीवर आले. मी मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या उलटत होतो. त्यांनीही दोन-चार उलटल्या, मग म्हणाले, "पप्पा, सीधी बात विचारतो. तुमच्या टायमाला कानाच्या मेडिकलमधून लोक कसं निघायचे? कुणीतरी सांगत होतं, तुम्ही एकाला पास करून काढलं होतं."

मी उलट विचारलं, फायरिंगच्या वेळी कानात काही घालत नाही का. घालतो ना, म्हणाले, उजव्या कानात. डावा मोकळा ठेवतो. नंबर वन डावीकडे उभा असतो, त्याचा हुकूम ऐकायला पाहिजे. आमच्याकडे सगळे तसंच करतात, उस्तादांनी तसंच शिकवलंय. हुकमाचा कान उघडा.

ते शेवटचे तीन शब्द माझे आहेत.

नंबर वन म्हणजे तोफेचा कमांडर. एका तोफेवर आठ-नऊ माणसं असतात, आणि गोळा भरण्यापासून तो सुटेपर्यंत सगळे त्याच्या आवाजावर चालतात. मी नंबर वन झालो तेव्हा इअर प्लग मिळत असत. पिवळे, मऊ, स्पंजासारखे बोटांत दाबता येणारे. पण दोन्ही कानांत घातले की माझा हुकूम पोचायला वेळ लागायचा, कुणीतरी "काय?" करायचा, आणि पलीकडच्या तोफेचा गोळा आमच्या आधी सुटायचा. ते मला सहन होत नसे. म्हणून मी नियम काढला: माझ्या बाजूचा कान उघडा. पोरांना त्याचा अभिमान वाटायचा. कान दुखला, शिट्टी वाजायला लागली की आम्ही हसायचो, म्हणायचो, तोफ बोलली. माझ्या घरातही तसंच होतं. वडील भुसावळकडून इकडं कागदाच्या मिलमध्ये नोकरीला आले, मशीनवर जन्म काढला आणि आम्हा सगळ्यांशी ओरडूनच बोलायचे. काम करणाऱ्या माणसाला कमी ऐकू येतं, यात विचारण्यासारखं काही असतं असं मला कधी वाटलंच नाही. पुढं मी ट्रेनिंगला उस्ताद म्हणून गेलो आणि तोच नियम बॅचमागून बॅच शिकवत राहिलो. तो फिरत फिरत माझ्याच जावयाच्या कानापर्यंत आला.

माझ्या तोफेवर गोळा भरणारा जो होता, तो देडतलाईचा. आमच्याच मुलखातला, केळी-कापूसवाला. अंगानं सडपातळ, पण अख्ख्या बॅटरीत, म्हणजे आमच्या तोफांच्या गटात, त्याच्याइतका जलद हात कुणाचा नव्हता. तो तोफेच्या अगदी अंगाला उभा राहायचा, डावा कान माझ्यासाठी उघडा ठेवून. काही वर्षांत तो माझ्या डाव्या हाताला चालायला लागला.

त्याच सुमारास त्याचं मेडिकल आलं. फौजेत कान असा तपासतात: माणसाला पाठमोरं उभं करायचं, एक कान दाबून धरायचा आणि डॉक्टरनं लांबून, मागून काहीतरी कुजबुजायचं. माणसानं ते तसंच परत म्हणायचं. तो आदल्या दिवशी घाबरून माझ्याकडे आला. कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा शेरा, खाली गेली तर तोफेवरून काढतील, म्हणाला. मी म्हटलं, तू फक्त समोर बघ. दुसऱ्या दिवशी मी रांगेत असल्यासारखा दारात उभा राहिलो, त्याच्या बरोबर समोर, डॉक्टरांना त्याच्याआड दिसणार नाही असा. मागून डॉक्टर कुजबुजले की ते मला दारापर्यंत ऐकू यायचं, आणि मी आवाज न काढता तेच ओठांनी म्हणायचो. तो ओठ बघून उत्तर द्यायचा. पास झाला. बाहेर येऊन माझ्या पाया पडायला वाकला, मी पडू दिलं नाही.

यातलं त्याला जे माहीत नव्हतं ते असं. रेजिमेंटची फायरिंग कॉम्पिटिशन तोंडावर आली होती. मला ती जिंकायची होती, आणि त्याच्या हातांशिवाय ती जिंकता येणार नव्हती. त्या दिवशी मी त्याच्या नोकरीचा विचार केला होता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नव्हता केला. आम्ही जिंकलो. मला प्रमोशन मिळालं. तो आणखी कितीतरी फायरिंग त्याच उघड्या कानानं करत राहिला, आणि जो कान तेव्हा वाचला असता तो गेला.

मी ट्रेनिंगला गेल्यावर ती तोफ त्याच्याकडे आली. तो नंबर वन झाला. आणि त्यानं जे केलं ते आठवलं की मला आजही त्याच्यासमोर उभं राहावंसं वाटतं, सावधान होऊन. कुणाचं नाव न घेता, कुणावर बोट न ठेवता त्यानं माझा नियम मोडला. त्याच्या तोफेवर दोन्ही कान बंद. गोळ्यांची पेटी उघडण्याआधी सगळी तुकडी ओळीत उभी राहायची आणि शाळेत नखं दाखवतात तसे त्याला कान दाखवायची, आधी हा, मग तो. प्लग नीट बसला नसेल तर तो स्वतः बसवायचा. बोटांत पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर ओढायची, आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं. मग तो सगळ्यांच्या मागं जायचा आणि हळू आवाजात कुणाच्या तरी सासूबद्दल काहीतरी चावट बोलायचा. जो हसला त्याचा प्लग ढिला. त्याला स्वतःला आपली कुजबुज ऐकू येत नसे, म्हणून ती हळूहळू चढत जायची आणि शेजारच्या तोफेवरची माणसं हसून लोळायची. त्याच्या तोफेवर मात्र सगळे गंभीर उभे.

हुकूम त्यानं आवाजावरून हातावर आणला. हात वर म्हणजे तयार, मूठ म्हणजे थांब, हात खाली आला की फायर. त्यासाठी त्याला आपली उभं राहायची जागा बदलावी लागली, प्रत्येकाला तो दिसेल अशी. पोरांना मान वळवायची सवय लावावी लागली. एखाद्याची नजर हलली तर अख्खी तोफ थांबायची. या सगळ्यात दर गोळ्यामागं एखादा श्वास जास्त जायचा. पुढच्या कॉम्पिटिशनला मला ट्रेनिंगहून वेळ मोजायला बोलावलं होतं, स्टॉपवॉच घेऊन मी उभा होतो. ती तोफ शेवटी आली. माझीच जुनी तोफ. मी ऑफिसरांसमोर म्हणालो, ही तोफ आहे की बहिऱ्या-मुक्यांची शाळा. सगळे हसले. तो लांब उभा होता, पण माझं तोंड त्याच्याकडे होतं, आणि ओठ वाचायला त्याला मीच शिकवलं होतं. त्यानं सॅल्यूट केला आणि पोरांच्या कानांतले प्लग काढायला गेला.

पुढच्या वर्षीही तो दोन्ही कान बंद करूनच उतरला. त्याच्याही पुढच्या वर्षी. त्याला कुणी शाबासकी दिली नाही; त्याच्या प्रमोशनलाही उशीर झाला. आपण काय करतोय हे त्याला पक्कं माहीत होतं, एवढंच.

तर गच्चीवर मी जावयांना म्हटलं, उद्या देडतलाईला जाऊ. एक जण आहे, तो सांगेल कसं निघायचं ते. खोटं बोललो. मनात एवढंच होतं की त्याचा कान यांना दिसावा, मला बोलावं लागू नये.

मोटारसायकलवर गेलो. जावई चालवत होते. मी मागून काही सांगितलं की ते उजवीकडे मान वळवायचे. वस्तीच्या बाहेर त्याची केळीची बाग आहे. तो वाळलेली पानं कापत होता. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, आम्हाला आधी पाहिलं. त्यांनी हाक मारली नाही, जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं वळून पाहिलं आणि तिथूनच ओरडला, "काय हवालदार, जावयाले घेऊन वाट चुकला का?"

कानात मशीन आहे त्याच्या. पाण्याची मोटार चालू असली की काढून खिशात ठेवतो, म्हणतो, हे मशीन माणसाचं कमी आणि पंपाचं जास्त ऐकते. वहिनींनी चहा केला. आम्ही मांडवाखाली खाटेवर बसलो. तो जावयांच्या समोर बसला, तोंड दिसेल असा, आणि रेजिमेंटची चौकशी करत राहिला: कोण सुभेदार झाला, मेसचा तो स्वयंपाकी आहे का अजून. त्याच्या तोफेवरची पोरं अजून त्याला भेटायला येतात. मागच्या दिवाळीला एक जण आला होता, त्याच्याबद्दल त्यानं फार कौतुकानं सांगितलं. बागेत बसल्या बसल्या तो पोरगा म्हणाला, उस्ताद, तुमच्या ठिबकच्या नळीतून कुठंतरी पाणी फुसफुसतंय. जाऊन पाहिलं तर खरंच नळी फुटलेली. सांगताना त्याचं तोंड असं झालं होतं की जणू तो कान त्यानं पेरून वाढवला होता. तसं होतंच ते.

मग तो माझ्याकडे हात करून जावयांना म्हणाला की तुमचा सासरा देवमाणूस आहे. मेडिकलची सगळी गोष्ट त्यानं सांगितली, मी दारात कसा उभा राहिलो, ओठ कसे हलवले, नक्कल करून सांगितली. यानं माही कॅटेगरी वाचवली, म्हणाला, म्हणून दरसाल याच्या घरी पहिला घड पाठवतो.

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. ज्यासाठी ते आले होते ते त्यांना मिळालं होतं: दारात एक ओळखीचा माणूस उभा करायचा, बस. मी गप्प बसलो असतो तर ते दहा दिवसांनी जाऊन तेच करणार होते. आणि बोललो असतो तर समोरचा माणूस मला परत दिसेल की नाही, माहीत नव्हतं.

मी चहाचा कप खाली ठेवला. त्याच्याकडे तोंड केलं, त्याला वाचता येईल असं सावकाश बोललो. म्हटलं, मी ते तुझ्यासाठी केलं नाही. कॉम्पिटिशन होती. तुझा कान चाललाय हे मला दिसत होतं, तू कसा चालतोस ते दिसत होतं. त्या दिवशी तू नापास झाला असतास तर तोफेवरून उतरला असतास आणि कान वाचला असता. मला तू तोफेवर पाहिजे होतास. आणि तो कान उघडा ठेवायला लावणाराही मीच.

त्यानं कानातलं मशीन काढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं, बराच वेळ पुसत राहिला. मला वाटलं, आता हा ते परत घालणार नाही. वहिनी आत जाता जाता थांबल्या होत्या. जावई जमिनीकडे बघत होते. मग त्यानं मशीन कानात बसवलं.

"मले वाटे, तू माह्यासाठी केलं ते," तो म्हणाला.

मी मान हलवली. नाही.

तो उठला. मला वाटलं, निघायला सांगेल. त्यानं जावयांना उठवलं, मांडवाच्या बाहेर मोकळ्या जागेत नेलं आणि केळीकडे तोंड करून उभं केलं. त्यांचा उजवा कान स्वतःच्या तळव्यानं दाबून धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू तिकडं तोंड कर. आज कोनाच्या समोर उभं राहाचं नाही." मी वळलो, रस्त्याकडे पाहत उभा राहिलो. त्यानं वहिनींना खूण केली. त्या मागं लांब जाऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात एकेक नाव घ्यायला लागल्या. मला पाठमोऱ्याला स्पष्ट ऐकू येत होतं. वांगं. जरा थांबून, मेथी. मग गवार.

मग सगळं शांत झालं. केळीची पानं तेवढी वाजत होती.

"काकू, करा ना सुरू," जावई म्हणाले.

मी वळून पाहिलं तर वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. त्यानं बायकोचा चेहरा पाहिला, जावयांच्या कानावरचा हात काढला आणि त्यांना खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं.

"झालं बी ते, जावईबापू."

फौजेत इतकी वर्षं काढलेला तो तरणा माणूस तिथंच खाली बसला. मातीत. आपण नीट ऐकत नाही हे त्यांना माहीत होतं. पण काहीतरी बोललं गेलं हेसुद्धा कळू नये, हे त्यांना माहीत नव्हतं. माझा मित्र त्यांच्या समोर उकिडवा बसला. त्यानं त्यांना रागावलं नाही, घाबरवलं नाही. सांगितलं की हे शिट्टीवालं दुखणं लपवलं की आत आत सरकते. डावा जेवढा गेला तेवढा गेला, डॉक्टर सांगतील त्यातलं काही परत येते का. पण उजवा अजून उभं पीक आहे, त्याची राखण करा. कोर्स यंदा जाईल, पुढच्या साली येईल. तुमच्या तोफेवर आणखी किती उघडे कान आहेत, तेही जाऊन बघा. नायक आहे ना तुमी, म्हणाला, तुमचं नाही ऐकणार तर कोनाचं.

परत निघताना तो मोटारसायकलपर्यंत आला. जावयांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याशी बोलला नाही. बोलावं असं काही उरलंही नव्हतं, आणि उगाच गोड बोलून मोकळा करणाऱ्यांतला तो नाही. त्याच्याबद्दल मला जो आदर वाटतो त्यात हेही धरतो मी.

जावई सुट्टी संपवून गेले. मुलगी मात्र इथंच थांबली होती महिनाभर, आणि तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तिचं म्हणणं होतं की मी आपला बोजा उतरवायला तिच्या नवऱ्याला नेलं. मी तिला खोडून काढलं नाही. ते पूर्ण खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.

मग एका संध्याकाळी तिच्या मोबाईलवर त्यांचा फोन आला. मेडिकलची वाट न बघता ते स्वतःच एम.आय. रूममध्ये, म्हणजे रेजिमेंटच्या दवाखान्यात, गेले होते. तिथून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, मशीनवर कान तपासला. डाव्या कानाचं नुकसान झालंय, ते भरून येणार नाही. उजवा चांगला आहे. कॅटेगरी खाली आली, काही महिने स्वतः फायरिंग नाही, नुसती लांबून देखरेख, आणि कोर्सच्या यादीतून नाव गेलं. एकाच कानाला असं कसं, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी हुकमाच्या कानाचं सगळं सांगितलं. पुढच्या फायरिंगला डॉक्टर स्वतः तोफांजवळ येऊन उभे राहिले. पूर्ण रेजिमेंटमध्ये काय होईल ते माहीत नाही, पण आमच्या बॅटरीत आता दोन्ही कान बंद, असं ते म्हणाले.

फोन मुलीनं स्पीकरवर ठेवला होता. बहुतेक मी ऐकावं म्हणून. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "पप्पा, दोन-तीन हप्ते तुमच्यावर फार राग होता. अजून थोडा आहे."

मी म्हटलं, असू दे.

मग त्यांनी विचारलं की हातानं हुकूम द्यायचा तर संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर देडतलाईचे काका काय करायचे. इथं पोरांना हात दिसत नाही, आणि दिसला नाही की ती परत प्लग काढतात. इतकी वर्षं मी त्या तोफेच्या आसपास होतो, हातात स्टॉपवॉच घेऊन हसत होतो, आणि ती माणसं अंधारात कशी काम करायची हे मी कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, मला नाही माहीत, त्यालाच विचारा.

त्यांनी विचारलं. व्हिडिओवर दोघं बराच वेळ बोलत होते, वहिनी मध्ये बसून न कळलेलं परत सांगत होत्या, असं मुलीनं मला नंतर सांगितलं. काय ठरलं ते मला कुणी कळवलं नाही. मुलीनं मात्र एवढं सांगून झाल्यावर माझ्या पुढ्यात चहा ठेवला आणि थोडा वेळ तिथंच बसली.